दोन तळांची सुटकेस

हर्लाम्पीने शिडीच्या पाचव्या पायरीवर उभं राहून सुटकेस डोक्याइतकी उंच उचलली आणि सोडून दिली. अंगणातल्या फरशीवर ती कोपऱ्यावर आपटली, बेडकासारखी उडाली, अक्रोडाच्या बुंध्याला धडकली आणि चार चाकांवर सरळ उभी राहिली, जणू काही झालंच नाही. ठिपकेदार कोंबडीने मात्र तो आवाज मनाला लावून घेतला. त्यानंतर नऊ दिवस तिने अंडं दिलं नाही, आणि दहाव्या दिवशी दिलं ते चौकोनी होतं, असं शेजारची फ्रोसिया अजून शपथेवर सांगते.

"काय झालं?" बाहेरच्या चुलीवर चीज भरलेल्या प्लाचिंता पोळ्या भाजणाऱ्या झिनोव्हियाने मान न वळवता विचारलं.

हर्लाम्पी खाली उतरला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सुटकेसचा कोपरा बोटाने चाचपला.

"ओरखडा."

"केवढा?"

"नखाएवढा. तोही तान्ह्या बाळाच्या."

"मग चालेल?"

"चालेल की नाही हे एका पडण्यावर ठरत नसतं, बाई. अजून सहा चाचण्या आहेत."

कुंपणावरून फ्रोसियाचं डोकं वर आलं. तिच्या तोंडात चेरी होती, ती तिने आधी नीट संपवली. "हर्लाम्पीदादा, आता तुम्ही उडी मारा आणि सुटकेसला तुमचे ओरखडे मोजू द्या!"

हर्लाम्पीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खिशातून वही काढून त्याने लिहिलं: उंचीवरून पाडणे, समाधानकारक. लिहिताना त्याचा चेहरा मात्र दात दुखत असल्यासारखा होता.

शहरातल्या सुटकेसच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. पुठ्ठा, वर रेग्झिन आणि दोन पितळी खटके, असा त्या काळचा माल. हर्लाम्पीचा सात नंबरचा त्रिकोणी शिक्का अस्तरावर उमटल्याशिवाय एकही सुटकेस फाटकाबाहेर पडत नसे. आता त्या कारखान्यात लग्नाचा हॉल आहे. शिक्का तेवढा तो खिशात घालून घरी घेऊन आला होता. वीस वर्षांत त्याने तो फक्त एकदाच वापरला, एका टरबुजावर.

ही सुटकेस इटलीहून सामान आणणाऱ्या मिनीबसने आली, रविवारी. गडद हिरवी, कडक पाठीची, चार चाकांची. सोबत चिठ्ठी नव्हती. पाठवणारी त्यांची मुलगी आउरिका. तिने आईला फोनवर काय सांगितलं ते झिनोव्हियाने हर्लाम्पीला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी बोलोन्याचं विमान आहे. ही बरोबर न्यायची, विमानात डोक्यावर ठेवतात. तू तपासून दे."

"किती दिवसांचं जाणं?"

"बघू."

त्या 'बघू'ची त्याला धास्ती वाटली. आउरिका तर 'तीन महिने' म्हणून गेली होती, त्याला अकरा वर्षं झाली. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं. निघणारे आपल्या सामानावर बसतात, मागे राहणारे घरातल्या स्टुलावर, आणि मग एकदम उठायचं. आउरिका निघाली त्या दिवशी हर्लाम्पी बसला नाही. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गेलीस तर या फाटकातून परत येऊ नकोस." हट्टीपणात ती बापावर गेलेली. ती आली नाही. तिला मुलगी झाली, त्या मुलीचे पुढचे दात पडले, नवे आले. हर्लाम्पीने ते सगळं झिनोव्हियाच्या खांद्यावरून तिच्या फोनमध्ये पाहिलं होतं, चष्मा पुसत पुसत.

तेव्हा आता ही सुटकेस नापास व्हायला हवी होती. पण उगाच नापास करणं त्याच्या रक्तात नव्हतं. ती खरोखरच नापास व्हायला हवी होती, आणि ती काही केल्या होत नव्हती.

त्याने ती पावसाच्या पाण्याच्या पिंपात दगड ठेवून दिवसभर बुडवली. आत ठेवलेला रुमाल इस्त्री केल्यासारखा कोरडा निघाला. दांडा तीनशे वेळा वर ओढला, तीनशे वेळा खाली दाबला. दांड्याला काही झालं नाही, हर्लाम्पीचा खांदा तेवढा धरला. शिंप्याच्या फितीने मापं घेतली. उंची पंचावन्न सेंटिमीटर भरली, विमानात तेवढीच चालते, आणि चाकं धरून छप्पन्न. तो आनंदाने उठला, तर झिनोव्हिया म्हणाली, "विचारलंय मी. छप्पन्नला हरकत नाही."

"आणि मुरंब्याची बरणी मावेल?" त्याने विचारलं.

"मुरंबा विमानात नेऊ देत नाहीत. पातळ पदार्थ."

"तुझा मुरंबा पातळ? चमचा उभा राहतो त्यात!"

"तिथला शिपाई चमचा घेऊन बसत नाही, म्हाताऱ्या."

त्याला या नव्या जगातलं काहीच उमगत नव्हतं. सगळ्यात कमी उमगत होती ती ही सुटकेस उघडल्यावर. त्याच्या काळच्या सुटकेसला खाली खोल तळ असे आणि वर पातळ झाकण. ही चेन ओढली की बरोब्बर मधोमध पुस्तकासारखी उघडायची. दोन्ही बाजू सारख्याच खोल. त्याने ती उलटी करून पाहिली, आडवी करून पाहिली, डोळे मिटून हातांनी चाचपली.

"हिला झाकणच नाही!" तो शेवटी म्हणाला. "दोन तळ आहेत. हा दोष आहे."

"तो दोष नाही, तशीच असते ती."

"तळ दोन कशाला? एका माणसाला एक तळ पुरे."

झिनोव्हियाने हातातल्या पिठाकडे पाहिलं. "तपासणारा तू आहेस. शोध."

त्याने वहीत लिहिलं: झाकण नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढलं. बराच वेळ तो त्या प्रश्नचिन्हालाच गिरवत बसला.

मंगळवारी झिनोव्हियाने सामान भरलं. फक्त डाव्या तळात. दोन झगे, लोकरीचं जाकीट, नातीसाठी विणलेले मोजे, वाळवलेले आलुबुखारे. पट्टे आवळून तिने वरचा जाळीचा पडदा लावला. उजवा तळ कोरा. हर्लाम्पीने गुपचूप त्यात दोन किलो अक्रोड ओतले. संध्याकाळी ते पुन्हा पोत्यात दिसले.

"अगं, आउरिकासाठी आहेत."

"ती बाजू माझी नाही."

"मग कोणाची?"

चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा रटरटत होती, ती ढवळायला झिनोव्हिया उठून गेली. हर्लाम्पी विचारात पडला. येताना काहीतरी भरून आणणार असेल. पण मग येणार आहे ती? की तिथेच राहून रिकामी बाजू कोणाच्या तरी हाती पाठवणार? झोपेतही तो बोटांनी हवेत ती चेन उघडत आणि मिटत होता.

बुधवारी त्याने शेवटची चाचणी घेतली. कारखान्यात असताना ती वहीत नसे, पण प्रत्येक तपासनीस ती घ्यायचाच, कारण लोक सुटकेसवर पहिलं काम तेच करायचे. बसून पाहणे.

त्याने कोट घातला, टोपी गुडघ्यावर ठेवली, ओसरीपुढे सुटकेस उभी केली, खऱ्या प्रवासाला निघाल्यासारखा तिच्यावर बसला आणि घड्याळ पाहिलं. एक मिनिट. पाचव्या सेकंदाला सुटकेस हलली. आमच्या गावातली सगळी अंगणं नदीकडे उतरती आहेत, आणि फाटक उघडं होतं. कोणीही शहाणा माणूस उठला असता. पण चाचणी एका मिनिटाची असते, मध्येच उठलं तर ती बाद होते. हर्लाम्पी बसून राहिला. फाटकातून बाहेर पडला, गल्लीला लागला. पोस्टवाल्या बाईने जाता जाता त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. पाद्रीबुवांनी सवयीने क्रूसाची खूण केली. एका बदकांच्या रांगेने त्याला वाट दिली आणि मग त्याच्याच मागे चालायला लागली. विहिरीच्या कट्ट्याला टेकून सुटकेस थांबली तेव्हा सत्तावन्न सेकंद झाले होते. उरलेले तीन त्याने तिथे बसून पुरे केले. तो नदी ओलांडून युक्रेनमध्ये गेला आणि पारपत्र नाही म्हणून त्याला परत लोटलं, असं काही लोक सांगतात. ते खोटं आहे. नदी तिथून चांगली दोनशे पावलं लांब आहे.

तो सुटकेस ढकलत घरी आला तो तरुण होऊन आला. "नापास!" फाटकातूनच तो ओरडला. "झिना, नापास! हिच्यावर बसता येत नाही. जिच्यावर बसता येत नाही ती सुटकेस कसली?"

झिनोव्हिया दोरीवरचे कपडे काढत होती. तिने टॉवेलची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"बरं," ती म्हणाली. "मग न बसताच जाईन."

हर्लाम्पीच्या हातातला दांडा सुटला. सुटकेस दोन हात आपल्या आपण मागे गेली.

"न बसता?"

"दुसरी सुटकेस कुठून आणू आता? उद्या सकाळी गाडी आहे."

तो तसाच परसात गेला. थोड्या वेळाने तिथून करवतीचा आवाज आला, मग रंध्याचा, मग कितीतरी वेळ कानशीचा. संध्याकाळी तो अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पाचरी घेऊन आला, अशा गुळगुळीत की बाळाच्या हातात द्याव्यात. एक पुढच्या चाकांखाली सरकवली, एक मागच्या. वर बसला आणि घड्याळ लावून एक मिनिट पुरं केलं. सुटकेस केसभर हलली नाही. मग त्याने कपाटातून शिक्का काढला. जांभळी शाई केव्हाच वाळली होती, तिच्यावर थुंकून तिला जागं केलं, आणि दोन्ही तळांच्या मधल्या शिवणीवर शिक्का मारला. मारताना त्याने तोंड फिरवलं होतं, म्हणून तो जरा तिरका उमटला.

गुरुवारी सकाळी फ्रोसिया कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली घ्यायला आली. झिनोव्हियाने तिला खाणं कुठे, पाणी किती, सगळं दोनदा सांगितलं.

"एवढं तिला कशाला?" हर्लाम्पी म्हणाला. "मी आहे ना."

फ्रोसियाने झिनोव्हियाकडे पाहिलं. झिनोव्हियाने फ्रोसियाकडे पाहिलं.

"झिनाताई, गाडी यायला झाली. बसायचं ना?" फ्रोसिया म्हणाली, आणि घरातलं एकुलतं एक धड स्टूल ओढून तीच त्यावर बसली.

झिनोव्हियाने डोक्याला रुमाल बांधला. सुटकेस ओसरीपुढे आणली, पाचरी लावल्या आणि तिच्यावर बसली. अगदी डाव्या कडेला, एक पाय जवळजवळ हवेत.

हर्लाम्पी दाराच्या चौकटीत उभा होता. अकरा वर्षांपूर्वी उभा होता तिथेच. त्याने दुसरं स्टूल शोधलं. त्याचा तिसरा पाय गेल्या हिवाळ्यात चुलीत गेला होता.

"मला जागा नाही," तो म्हणाला.

"आहे की."

"सामानावर निघणाऱ्यांनी बसायचं असतं."

"माहीत आहे मला."

त्याने सुटकेसकडे पाहिलं. तिची उजवी बाजू मोकळी होती. वरून, आणि आतूनही. झिनोव्हियाच्या मांडीवर पर्स उघडी होती आणि तिच्यातून निळ्या पारपत्राची कड दिसत होती. तिच्याखाली आणखी एक कड.

"एप्रिलमध्ये तू मला शहरात नेलंस," तो हळूच म्हणाला. "फोटो काढला. काचेवर बोटं टेकवायला लावलीस. नुसत्या सह्या कर म्हणालीस. पेन्शनचं काम म्हणून."

"पेन्शनचं म्हणाले होते मी?"

"म्हणाली होतीस."

"म्हणाले असेन. तुझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता ना?"

"तो तूच विसरलीस."

"मीच विसरले."

फ्रोसियाला खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"आउरिकाला ठाऊक आहे?" हर्लाम्पीने विचारलं.

"सुटकेस कोणी निवडली असं वाटतं तुला?" झिनोव्हिया म्हणाली. "मी लाल, झाकणवाली सांगितली होती."

तो वळून आत गेला. आतून खण उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग पडलेल्या गोष्टीला घातलेल्या शिव्यांचा. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दाढीचं सामान होतं, लग्नकार्याचा सदरा होता आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. झिनोव्हिया उठली, सुटकेस आडवी केली आणि उघडून धरली. सगळं उजव्या तळात बसलं. जागा उरली. त्याने पोत्यातून मूठ मूठ करून अक्रोड घातले. या वेळी तिने काढले नाहीत.

मग दोघं बसले. सुटकेस कुरकुरली.

"दोन माणसांची चाचणी झालेली नाही," हर्लाम्पी कुजबुजला.

"शिक्का मारलायस. गप्प बस."

मिनिटभर कोणी बोललं नाही. अक्रोडाखाली ठिपकेदार कोंबडी एका पायावर उभी होती. कोपऱ्यावर मिनीबसचा भोंगा वाजला तशी दोघं एकदम उठली. हर्लाम्पीने वाकून आधी मागची पाचर काढली, मग पुढची. धूळ कोटाला पुसली. दोन्ही पाचरी हातात धरून तो जरा थांबला, मग चेन वीतभर उघडून त्याने त्या सदऱ्यावर सरकवल्या.

"लाकडं कशाला घेतोयस?" झिनोव्हिया म्हणाली.

"तिथून निघतानाही बसावं लागेल," तो म्हणाला. "किती जणांना, कोण जाणे."

त्याने दांडा वर ओढला आणि सुटकेस फाटकाकडे नेली. उतारावर ती स्वतःहून त्याच्यापुढे धावत होती. मागे ओसरीवर फ्रोसिया किल्ली मांडीवर घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून, स्टुलावर तशीच गप्प बसून राहिली होती. मिनिट संपलं असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.