एल्मार, इथे थांब

"गवत कापणं हीच माणसाची संस्कृती! ज्याला स्वतःचं अंगण आवरता येत नाही, तो देश काय आवरणार?"

मुहू बेटावरच्या आपल्या अंगणात उभं राहून एल्मारने हे जाहीर केलं. श्रोता एकच होता, शेजारच्या साल्मेचं मांजर. ते उठलं आणि कुंपणाखालून साल्मेच्या गुडघाभर गवतात शिरलं. मग नुसती शेपटी दिसत राहिली.

एल्मार दर शनिवारी यंत्राने गवत कापायचा, आणि शनिवारी सुटलेलं बुधवारी. 'सुंदर घर' स्पर्धेची पितळी पाटी लावायला त्याने दाराशेजारी खिळा ठोकून ठेवला होता. अकरा वर्षांत खिळा दोनदा गंजला, दोनदा बदलला. दरवर्षी समितीची माणसं त्याच्या अंगणावर खूश व्हायची आणि मग कुंपणापलीकडे बघायची.

"जंगल आहे ते, साल्मे."

"कुरण आहे. तू आणि तुझं यंत्र जुलै संपेपर्यंत लांब राहा. बी पडू दे, मग काप. तेव्हा नाही कापलं तर झुडपं माजतील, तेही नकोय मला."

यंदा समिती जूनमधल्या एका गुरुवारी यायची होती आणि मंगळवारी साल्मे मोतीबिंदू काढायला राजधानीत, ताल्लिनला निघाली. "मांजराला दूध घाल," जाताना ती म्हणाली, "आणि बाकी कशाला हात लावू नकोस."

आता, आजारी शेजाऱ्याचं गवत न सांगता कापून देणं यासारखी माया मुहूवर दुसरी नाही. त्यामुळे 'हात लावू नकोस' हा एल्मारला निव्वळ संकोच वाटला. पाटीचा विचार त्याच्या मनात नव्हताच, असं तो स्वतःला दोनदा म्हणाला.

बुधवारी सकाळी यंत्र धडधडत कुंपणापलीकडे गेलं. बारा पावलांवर एका काठीला चिठ्ठी होती. मोठाली, वाकडी अक्षरं: 'एल्मार, इथे थांब.'

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि काठीला वळसा घातला.

दुसरी चिठ्ठी: 'सांगितलं ना.'

तिसरी: 'तुझ्या आईला काय वाटलं असतं?' आई जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी एल्मारने टोपी काढली. मग टोपी घालून पुढे गेला.

चौथी काठी वीतभरच होती. वाचायला यंत्र बंद करून खाली बसावं लागलं. 'आता गुडघे टेकलेच आहेस, तर डावीकडे बघ.'

डावीकडे सोनजोडा फुलला होता, सहसा न दिसणारं रानफूल. बाहुलीच्या पायात बसेल अशी फुगीर पिवळी मोजडी आणि भोवती तांबूस तपकिरी फिती. लहानपणी आईबरोबर बघितला होता, त्यानंतर आजच. चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं: 'पंधरा वर्षं कुरण राखलं, तेव्हा पहिल्यांदा आलाय. मला नुसता पिवळा डाग दिसतो. नीट दिसेपर्यंत राहू दे.'

यंत्राचं पातं तिथून हातभर लांब होतं. एल्मार जपून उठला. मग यंत्र ढकलत, आपण कापलेल्याच पट्ट्यावरून, एकही नवी काडी न मोडता परत गेला.

गुरुवारी समिती आली तेव्हा तो साल्मेच्या कुरणाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता.

"पाय जपून! तिथे नाही! तिथेही नाही!"

"हे काय हो एल्मार," समितीच्या मेरीकेबाई म्हणाल्या, "अर्धी दाढी करून न्हावी पळाल्यासारखं?"

"तो न्हावी मीच. लिहायचंच असेल तर उरलेल्या दाढीबद्दल लिहा."

पाटी पलीकडच्या वाडीत, टायर कापून हंस केलेल्या एका गृहस्थांना मिळाली.

शुक्रवारी साल्मे आली. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून एल्मारने दूध काढायचं बुटकं स्टूल आणून ठेवलं. ती बसली, आणि बसूनच राहिली.

"फितींवर शिरा आहेत रे," शेवटी ती म्हणाली. "बारीक, लाल. मला माहीतच नव्हतं."

 एल्मारने टोपी छातीशी धरली. "साल्मे, आजपासून या कुरणाला यंत्र शिवणार नाही. जुलै संपला, बी पडलं, की बापाच्या लांब दांड्याच्या विळ्याने मी स्वतः कापीन. जिवात जीव असेतो. हा माझा शब्द."

"काप हो," साल्मे म्हणाली. "पण संडासाकडची वाट तेवढी आत्ताच कापून दे. चार तास बसमध्ये होते मी."