ठकीचं आदर्श ताट

घरात तिला ठकी म्हणत, आणि या नावाला जागायचं तिनं फार लहानपणी ठरवून टाकलं होतं. शाळेच्या बँडमधला मोठा ढोल तिच्याकडे होता. ढोल म्हणजे काही गळ्यात घालून मिरवायचा दागिना नव्हे. तो छातीवर पेलायचा, पट्टे खांद्यात रुतू द्यायचे, पुढचं धड दिसत नसताना सरळ चालायचं आणि वर ताल सोडायचा नाही. दुसरं कुणी ढोलामागे उभं राहिलं, की नुसत्या बुटांवरून ओळखावं लागे. ठकी मात्र वरून, बाजूंनी, सगळीकडून दिसायची. ती चांगली आडव्या बांध्याची होती, आणि ढोलाला अशीच माणसं लागतात, असं बँडचे सर म्हणत. हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की आरशासमोरून जाताना ती ते मनातल्या मनात एकदा म्हणून घ्यायची.

मग शाळेत तो ऑनलाइन कार्यक्रम आला. मुलांनी लहान वयात लठ्ठ होऊ नये म्हणून कुणीतरी भल्या माणसांनी काढलेला. रोज संध्याकाळी आपल्या ताटाचा फोटो पाठवायचा. पलीकडचं यंत्र तो तपासून हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देणार. अधूनमधून एक आहारतज्ज्ञ बाई पडद्यावर येत. बाई बोलायच्या छान, भाज्यांबद्दल तर नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तशा मायेनं बोलायच्या. पण प्रत्येक वेळी सुरुवात ठरलेली, "चला, ताट दाखवा." म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं ताटताई.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ज्याचं ताट सारखं लाल, त्याला शनिवारी सकाळी व्यायामाचा जादा तास होता, घरूनच, कॅमेरा चालू ठेवून. आणि बँडचा सरावही नेमका शनिवारी सकाळी. सराव बुडाला की वाद्य दुसऱ्याकडे, हा सरांचा नियम होता आणि तो ते स्वतःच्या मुलालाही लावत. ठकीच्या मागे ढोलासाठी टपून बसली होती बँडमधलीच एक काडीसारखी बारीक मुलगी, जिला सगळे काडेपेटी म्हणत. काडेपेटी पोरगी गुणी होती, पण वारं सुटलं असतं तर तिनं ढोल वाजवण्याऐवजी ढोलानंच तिला वाजवलं असतं.

ठकी वर्गशिक्षिकेकडे गेली. त्या म्हणाल्या, "वेळापत्रक वरून आलंय गं." मोठ्या बाईंकडे गेली. त्यासुद्धा म्हणाल्या, "वरून आलंय." मोठ्या बाईंच्या वर आता फक्त शाळेचं छप्पर होतं, त्यामुळे ठकी घरी परतली.

त्या संध्याकाळी तिनं पहिला फोटो इमानेइतबारे पाठवला. उकडलेले बटाटे, त्यावर लोणी, शेजारी पाव, पावावर पुन्हा लोणी. शेरा आला लाल.  

बाबांनी तिच्या खांद्यावरून फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय काढलंयस?" ते म्हणाले. "बटाटा आहे की अंगणातला दगड? उजेड कुठून घेतलास?"

"बाबा, लाल शेरा आलाय. माझा ढोल जाईल."

"लाल येईल नाहीतर काय? मी यंत्र असतो तर पोलिसात दिलं असतं."

आता बाबांचा धंदा सांगायलाच हवा. जाहिरातीतले पदार्थ असतात ना, पाहताक्षणी तोंडाला पाणी सुटावं असे, ते सजवण्याचं काम ते करत. त्यांच्या हातचं काही खाण्याची सोय नसे. दूध म्हणून डिंकाचं पांढरं पाणी, आइस्क्रीम म्हणून कुस्करलेला बटाटा, टोमॅटोला तकाकी यावी म्हणून केसांचं तेल. घराच्या मागच्या खोलीत मेणाच्या फळांचं कपाट होतं, त्यातली फळं ते भाड्यानं देत. एवढ्या पदार्थांत वावरणाऱ्या या माणसाला सजवलेलं ताट खायचं असतं, हे वीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. फसवणूक करावी असं त्यांच्या मनातही नव्हतं. वाईट फोटो आपल्या घरातून बाहेर गेला, हेच त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट लावलं. काकडी, गाजर, टोमॅटो, कोबीची पानं, डाळी, एका कडेला फळांच्या फोडी. कोबी खाली बसतो म्हणून आत कापूस भरला. फोडी घसरतात म्हणून डिंकानं चिकटवल्या. वर तेलाचा हात फिरवला, पाण्याचे थेंब टिकत नाहीत म्हणून कसल्याशा चिकट द्रवाचे थेंब सोडले आणि पंख्याखालून ताट असं हलवलं, की जणू बाळ झोपलंय. फोटो गेला. हिरवा शेरा आला. ठकीनं घरभर उड्या मारल्या, मग बाबा आणि ती दोघांनी लोणी लावून बटाटे खाल्ले.

ही गोष्ट आईला माहीत नव्हती. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर माणसांना बारीक अक्षरं वाचायला लावून ती इतकी दमून यायची, की स्वयंपाकघरातलं ढळढळीत अक्षर तिच्या नजरेतून सुटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हिरव्यामागून हिरवे येत राहिले. ठकी शनिवारी ऐटीत सरावाला जायची आणि ढोल असा बडवायची, की काडेपेटीनं कानात बोटं घालावीत. थोडं थांबायला हवं होतं, एखादं पिवळं ताट मधे सोडायला हवं होतं. पण बाबांच्या हाताला पिवळं ताट जमेना. व्हायचं तेच झालं. हात दाखवून अवलक्षण. कार्यक्रमवाल्यांकडून शाळेला निरोप आला, की हे ताट सगळ्यांत आदर्श ठरलंय. येत्या ऑनलाइन बैठकीत ताटताई या मुलीच्या स्वयंपाकघरातलं ते ताट सगळ्या मुलांना थेट पडद्यावर दाखवणार आहेत.

"नाही म्हणून सांगू या," ठकी म्हणाली.

"कशाला? नुसतं दाखवायचं तर आहे," बाबा म्हणाले आणि दिवे कुठे लावायचे ते बघू लागले. काम म्हटलं की त्यांची अक्कल रजेवर जायची.

बैठकीच्या संध्याकाळी फोन ओट्यावर उभा केला. पडद्यावर चौकोन चौकोन भरत गेले, प्रत्येकात एक मूल आणि एक ताट, वरच्या कोपऱ्यात मोठ्या बाई, आणि मधोमध ताटताई. ठकीसमोर ताट होतं, आणि ते खरोखर असं दिसत होतं, की देवालाही भूक लागावी. बाबा फोनच्या मागे उभे राहून मान डोलावत होते.

"वा," ताटताई म्हणाल्या. "मुलांनो, रंग बघा. ताजेपणा बघा. आता आपली मैत्रीण यातला एक घास सावकाश चावून खाणार आणि कसा लागतो ते सांगणार."

बाबांची मान डोलायची थांबली. आणि मग ती जोरजोरात आडवी हलू लागली.

"आधी हात धुते," ठकी म्हणाली. धुतले. "आधी पाणी पिते," म्हणाली. प्यायली. "जेवताना बोलू नये असं आमच्याकडे आहे," म्हणाली.

"मग बोलू नकोस, खा," ताटताई हसून म्हणाल्या.

कुणाच्याही तोंडचं पाणी पळावं अशीच वेळ होती. कुठेतरी बघायचं म्हणून ठकीनं ताटताईंच्या मागे पाहिलं. तिथं टेबलावर फळांची टोपली होती, आणि सगळ्यांत वरच्या लालबुंद सफरचंदावर दातांचे बारीक ठसे होते. ठकीनं ते तत्काळ ओळखले, कारण दात तिचेच होते. तीन वर्षांची असताना बाबांच्या कपाटातलं मेणाचं सफरचंद तिनं चावलं होतं आणि त्यानंतर घरात बराच दंगा झाला होता. बाबा ते सफरचंद ठशांची बाजू मागे ठेवायला सांगून भाड्यानं देत. इथं कुणीतरी ते उलटं ठेवलं होतं.

"ताई," ठकी म्हणाली, "मोठ्यांच्या आधी कसं खायचं? तुम्ही ते सफरचंद घ्या. मग मी घेते."

"बरी आठवण केलीस," असं म्हणून ताटताईंनी हसतमुखानं हात मागे नेला. सफरचंद उचललं. त्याचं वजन त्यांना विचित्र वाटलं असावं, कारण हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. बाईंची त्यात काही चूक नव्हती. मागची सजावट कार्यक्रमवाले करत, त्या फक्त येऊन पुढ्यात बसत. त्यांनी ठशांकडे पाहिलं, मग ठकीकडे पाहिलं, आणि मग जे केलं ते फक्त ऑनलाइन शिकवणाऱ्या माणसालाच सुचू शकतं. सफरचंद हातात, तोंड अर्धवट उघडं, अशा त्या जागच्या जागी थिजल्या. नेटवर्क गेलं की माणूस दिसतो तशा.

ठकीलाही कल्पना पटली. तीही घास उचललेल्या हातानं थिजली.

सगळी शाळा बघत राहिली. ताटताईंच्या मागचा पडदा वाऱ्यानं मस्त हलत होता. ठकीच्या कपाळावरची बट पंख्यानं उडत होती. "नेटवर्क गेलंय बहुतेक," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण पडदा हलतोय की," कुठल्याशा चौकोनातून आवाज आला आणि काडेपेटी खुदकन हसली.

तेवढ्यात दार उघडून आई आली. भुकेनं कावलेली. आईला फोन दिसला नाही, दिवे दिसले नाहीत, बाबांचे हातवारे दिसले नाहीत. तिला ताट दिसलं. तिनं चालता चालता टोमॅटोची फोड ओढली. ती निघेना, म्हणून जोर लावून ओढली, तसं शेजारचं कोबीचं पानही उचकटलं, आणि फोड तिनं तोंडात टाकली.

"अगं बाई," ती चावत म्हणाली आणि थांबली. "याला माझ्या केसांच्या तेलाचा वास का येतोय? आणि कोबीत कापूस कुणी घातलाय?"

भांडं असं फुटलं, की आवाज प्रत्येकाच्या घरात गेला. चौकोनाचौकोनातून हसणं उसळलं. ठकीला मात्र हसू आलं नाही. शनिवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ढोल काडेपेटीच्या छातीवर, आणि आपण घरात फोनसमोर उड्या मारतोय. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

ताटताईंनी सफरचंद खाली ठेवलं. "हे मेणाचं आहे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मलाही आत्ताच कळलं. आणि नेटवर्क चांगलं होतं, मी सोंग केलं." मग ठकीला म्हणाल्या, "तू का केलंस हे?"

"लाल शेरा आला की शनिवारी सकाळी तास असतो," ठकी म्हणाली. "तेव्हाच बँडचा सराव असतो. माझा ढोल जाणार होता."

"एवढंच?" ताटताई बुचकळ्यात पडल्या. "अगं, तो तास मी संध्याकाळी घेतला असता. मला फक्त सांगायचं."

"मी सांगितलं. बाईंना सांगितलं, मोठ्या बाईंना सांगितलं. सगळे म्हणाले, वरून आलंय." मोठ्या बाईंच्या चौकोनात एकाएकी पुष्कळ कागद हलवले जाऊ लागले.

"वर मीच आहे," ताटताई म्हणाल्या. "ते वेळापत्रक मीच लावलंय. मग मला का नाही सांगितलंस? दर वेळी मी तुमच्यासमोर असते."

ठकीनं बाहीनं नाक पुसलं. "तुम्ही विचारलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही येता आणि ताट दाखवा म्हणता."

चौकोनांतलं हसणं थांबलं.  ताटताईंनी खुर्ची पडद्याच्या जवळ ओढली.

"तास संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "ढोल सोडायचा नाही. आता सांग, तुझा ढोल किती जड आहे?"