लाल फडकं

दवाखान्याची जुनी जीप नऊ दिवस माझ्या गॅरेजात उभी होती, आणि नऊ दिवस समोरच्या दुकानात शिंपीकाकांचं मशीन चालू होतं. शिवायला काही नसलं तरी चालू. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून त्यांना थांबणं जमत नव्हतं, आणि तो आवाज ऐकून माझं डोकं उठायचं.

काकूंना मोठ्या इस्पितळात नेताना ही जीप घाटात जागच्या जागी जाम झाली. दुसरी गाडी पोचायला चार तास लागले. काकूंनी तिसऱ्या तासालाच प्राण सोडला. जीप चालवत होता माझा थोरला भाऊ. गाडीतून तेल गळतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे लोकांनी निकाल लावून टाकला, ड्रायव्हरने तेल बघितलं नाही. मीही डाफरलो होतो, "तीन दिवसांपूर्वी नवं सील बसवून दिलं होतं दादा! एकदा वाकून बघायला कंबर मोडत होती का तुझी?" एरवी एकाला दोन ऐकवणारा दादा तेव्हा गप्प राहिला. मला वाटलं, मन खातंय.

बिघाड कशाने झाला ते दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना आज संध्याकाळपर्यंत लेखी हवं होतं. दादाला कामावर ठेवायचं की नाही, ते त्या कागदावर ठरणार होतं. मग मात्र जीपला हात लावावाच लागला.

ट्रान्सफर केस खाली उतरवली. गिअरबॉक्सच्या मागे असते ती, चारही चाकांना ताकद वाटून देणारी. आत जेमतेम वाटीभर काळं तेल. बेअरिंग तापून निळं पडलेलं, शाफ्टला चिकटलेलं. तेल मागच्या सीलमधून गेलं होतं हे तर उघडच दिसत होतं. मी सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, काढून उजेडात धरलं. फाटलेलं नव्हतं, फक्त त्याची कड बाहेरच्या बाजूला उलटली होती. शाफ्टवर बोट फिरवलं, साधा ओरखडा नाही. म्हणजे तेल झिरपलं नव्हतं, आतून ढकललं गेलं होतं.

केस तापली की आतली हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून वरून एक रबरी नळी बॉनेटखाली आणलेली असते, ब्रीदर म्हणतात तिला. मी नळी चाचपत बॅटरीपाशी पोचलो. तिच्या तोंडात बोल्ट होता. पिवळी टेप गुंडाळलेला. अशी टेप मीच गुंडाळतो.

नदीला पाणी असलं की ते आत शिरू नये म्हणून आम्ही नळीत बोल्ट खुपसतो, आणि आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल फडकं बांधतो. वडिलांनी घालून दिलेला, समोरच्या शिंपीकाकांनाही पाठ असलेला नियम होता, ज्याने लावला त्यानेच काढायचा, मगच फडकं सोडायचं. सील बसवल्यावर मी जीप नदीपार फिरवून आणली होती. परत आलो तेव्हा हात तेलाने बरबटलेले, पुसायला जवळ काही नाही. समोर फडकं होतं. सोडलं, हात पुसले, कोपऱ्यात भिरकावलं. दादाने गाडी नेली तेव्हा स्टिअरिंग मोकळं होतं.

मी दाराकडे बघितलं. मग बोल्ट उपसून खिशात टाकला. लाज वाटते सांगायला, पण टाकला. सीलच खराब निघालं असं लिहिलं की दादाही सुटत होता आणि मीही.

तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. ग्लास बाकावर ठेवून म्हणाला, "निघाला का बोल्ट?"

माझा हात खिशावर गेला. "तुला... कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवशी. वाट बघत होतो तेव्हा बॉनेट उघडलं होतं. काकू जिवंत होत्या तेव्हा."

"मग काढला का नाहीस? बोलला का नाहीस कुणाला? लोक तोंडावर थुंकत होते तुझ्या!"

"तेव्हा काढून गाडी हलणार नव्हती. आणि तू लावला होतास," दादा म्हणाला. "तूच काढायचा."

नऊ दिवस तो माझी वाट बघत होता. मी चार शिव्या तरी अपेक्षिल्या होत्या. त्याने चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

कागदावर मी चारच ओळी लिहिल्या. शेवटची ओळ होती, 'ड्रायव्हरचा दोष नाही, माझा आहे.' डॉक्टरीणबाई आल्या, दोनदा वाचलं, चष्मा काढला. मग समोरच्या दुकानाकडे बघितलं.

"हे त्यांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

दादाने कोपऱ्यातल्या चिंध्यांतून ते लाल फडकं शोधून काढलं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

मी रस्ता ओलांडून शिंपीकाकांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. आणि मशीन थांबलं.