टेपवरचं लाल बटन

कोरपन्याले आम्हा चाळीस अंगणवाडीच्या बायांचं ट्रेनिंग झालं. साहेबानं भाषण ठोकलं. टेप चालवणं शिकवलं ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुश्ताकभाऊनं. "प्ले आन् लाल बटन संगं दाबलं का आवाज भरते," तो म्हणे.

टेप आन् बडबडगीतांची एक कॅसेट घेऊन मी जिवतीच्या डोंगरात, माह्या गावी आली. माह्या अंगणवाडीतली लेकरं गोंडी बोलतात. कॅसेटमधल्या बाईचा एक शब्द त्याइले समजे नाई. नुसते टुकूटुकू टेपकडे पाहत. आठ दिवस पाह्यलं. मंग त्यातल्याच इसरूच्या आजीले बसवलं आन् तिची मोहाची फुलं वेचायची गाणी त्याच कॅसेटवर भरली. दुसऱ्या दिवशी सारे नाचले. कधी तोंड न उघडणारा पवनही गायला.

मंग सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी ऐकलं.

"नीलाबाई, सरकारी कॅसेट पुसली? कोणाला विचारून?"

"बाई, लेकरं गाऊन राह्यली, दिसत नाई काय तुम्हाले?"

हातात मेमो पडला.

पुढच्या ट्रेनिंगले नव्या कॅसेटी आल्या. मुश्ताकभाऊनं मान खाली घालून सांगितलं, कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडले का तिच्यावर कोणाचाच आवाज भरता येत नाई. साहेबानं स्क्रूचा पेचकस माह्याच हातात देल्ला. चाळीसही कॅसेटींचे तुकडे मी मोडले.

संध्याकाळी सर्टिफिकेट भेटलं. त्यावर लिहिलं होतं, टेप वापरण्यात निपुण.