फलाटावरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. मोबाइलला तारेशिवाय जोडतात ना, तो ब्लूटूथ स्पीकर. पण मी दुकानातून आलेलो नाही. माझा एक कोपरा तिरका आहे. तो पाहिलात की लगेच कळेल, मला कुणीतरी घरी, हाताने घडवले आहे.

मला घडवले एका मुलीने, तिच्या बाबांसाठी. बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. गावात त्यांचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता. "फलाट दोनवरची गाडी सुटत आहे. धावू नका, कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, थांबेल!" असे काहीबाही ते पदरचे जोडायचे आणि रांगेतली माणसे हसायची. घरीही तीच तऱ्हा. "जेवायला बसणाऱ्या प्रवाशांनी हात धुऊन यावे!" आई म्हणायची, "अहो, हे घर आहे, स्टँड नाही."

मग बाबांना घशाचा आजार झाला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला. घर चिडीचूप झाले. बाबा नुसते ओठ हलवत, खुणा करत. आईला बोलवायचे असले की टाळी वाजवत.

तेव्हा मुलीने मला करायचे मनावर घेतले. मोडक्या पलंगाच्या फळ्या तिने कापायला घेतल्या. बाबांना वाटले, पोरगी पेटी करते आहे. त्यांनी आपणहून फळी धरली, करवत कुठे भरकटते ते बोटाने दाखवले. तरी एक कोपरा बिघडलाच. मग पॉलिश पेपर घेऊन त्यांनीच मला गुळगुळीत केले. ज्यांच्यासाठी मी जन्माला येत होतो, त्यांचेच हात माझ्या अंगावरून फिरत होते. केवढा आनंद झाला होता मला! पुढे मुलीने गोल भोक पाडले, आत आवाजाचा कर्णा बसवला, बॅटरी जोडली आणि वरून मेण चोळले.

बाबांच्या एका सहकाऱ्याने कधीतरी गंमत म्हणून त्यांच्या घोषणा मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. मुलीने त्या मागून आणल्या. बाबांच्या वाढदिवशी तिने मला टेबलावर ठेवले आणि त्या लावल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

माझे पहिले शब्द बाबांच्याच आवाजातले होते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. हात गळ्याकडे गेला. त्यांनी माझे बटण दाबून मला बंद केले आणि ते गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मला वाटलं, बाबांना बरं वाटेल," मुलगी रडत म्हणाली.

"अगं, तुझी चूक नाही," आई म्हणाली. "पण राहू दे आता. ठेव कपाटावर."

मित्रांनो, कपाटावर माझ्या अंगावर धुळीचे थर चढले. कुणीतरी मोडकी छत्रीही माझ्यावर टाकली. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. जाताना तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्यांना सुख द्यायला आलो, त्यांचेच मन दुखावले. माझ्यासारखा करंटा कोण?

एके दुपारी बाबा तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते. आई स्टुलावर चढली. तिने मला खाली काढले, पदराने पुसले, चार्ज केले. मुलीने आईच्याही मोबाइलमध्ये त्या घोषणा टाकून ठेवल्या होत्या. त्या लावून आई शेंगा सोलत बसली.

"धावू नका," बाबांचा आवाज म्हणाला.

"कोण धावतंय आता?" आई हळूच म्हणाली.

तेव्हापासून बाबा बाहेर गेले की ती मला खाली काढायची आणि ते यायच्या आत परत वर ठेवायची. पण एकदा डॉक्टर आलेच नाहीत, म्हणून बाबा लवकर परतले. दारातच थबकले. आईची धांदल उडाली. "अहो, हा... चुकून लागला." मग तिचा हात थांबला. "चुकून नाही. तुमचा आवाज तुम्ही गमावलात, तसा मीही गमावला हो. मला कुणी विचारलंच नाही."

बाबांनी दारातच चपला काढल्या. मग जवळ आले. मी घाबरलो, आता पुन्हा बंद! पण त्यांनी माझा आवाज वाढवला आणि तिच्याशेजारी बसून ते प्रत्येक शब्दाबरोबर ओठ हलवू लागले. दोघांचेही डोळे वाहत होते. संध्याकाळी त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि मला उचलून मोबाइलसमोर धरले. ती तिकडे मोबाइल कानाशी धरून ऐकू लागली.

आता बाबा नाहीत. माझी बॅटरी मुलीने बदलली, कर्णा मात्र खरखरतो. "खरखरू दे," आई म्हणते, "बंद नको पडायला."

मित्रांनो, लाकूड सांधता येते, तार जोडता येते. गेलेला आवाज मात्र परत येत नाही. म्हणून घरातली माणसे बोलत असतात तोवरच त्यांचे बोलणे कान देऊन ऐका. आणि घरात कुणाचे काही हरवले, तर त्याच्या शेजारी गप्प बसलेल्या माणसालाही एकदा विचारा, "तुझं काय गेलं?"