खबर देणाऱ्याचा आवाज

मास्तरांनी आयुष्यात दारूला कधी शिवलं नव्हतं, आणि भर चौकात त्यांना नळीत फुंकर मारायला लावली ती त्यांच्याच हाताखाली क्लच-गिअर शिकलेल्या पोलिसाने. बिचाऱ्याला स्वतःलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मास्तर, फोन आलाय हो तसा. माझाही नाइलाज आहे," असं तो खाली मान घालून म्हणाला. मास्तरांनी फुंकर मारली. नळीत काहीच निघालं नाही, पण बघणाऱ्यांनी फुंकर बघितली, निकाल कुणी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळीकडे एकच विषय.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्मं शहर त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खाऊन चालवायला शिकलं होतं. त्या दिवसानंतर त्यांनी गाडीची चावी मुलीच्या शिलाई मशीनवर आणून ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याकडे असू दे." मग हळूहळू ते चौकात जायचे बंद झाले, मग खिडकीत बसायचे, आणि थंडी सरता सरता एका पहाटे झोपेतच गेले.

मुलगी पडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत वडील. शेजारपाजारचे सगळेच तिला ताई म्हणायचे. ताईच्या मनात त्या पहिल्याच दिवशी एक नाव पक्कं बसलं होतं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला. मास्तरांचा जिवाभावाचा दोस्त. रोज संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायचे आणि रोज भांडायचे. पण त्याच चष्मेवाल्याने महिनाभर आधी मास्तरांचे डोळे तपासून, ताईच्या देखत, सांगितलं होतं, "मास्तर, आता चाकावर हात नको. डावीकडचं तुम्हाला दिसतच नाही." मास्तर चिडून निघून आले होते. मग चौकात पोलीस आले. दुसरं कोण असणार?

"त्यानेच केलं हे," ताई म्हणाली, तेव्हा धाकटा भाऊ खुर्चीत बसून होता. त्याने नुसता सुस्कारा टाकला. फरशांच्या दुकानात मॅनेजर होता तो, बायको-मुलीसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, पण एक दिवसाआड चक्कर मारायचा. मास्तर गेले त्या दिवशी चष्मेवाला दाराशी आला, तेव्हा हाच धाकटा पुढे झाला होता. "तुमचं काम झालंय. या आता," असं म्हणून त्याने दार लोटून घेतलं होतं. ताईला त्या क्षणी आपल्या भावाचा फार अभिमान वाटला होता.

वर्ष उलटलं तरी ताईच्या पोटातली आग विझेना. चष्मेवाल्याच्या दुकानाचं शटर वाजलं की तिच्या हातातली शिवण वाकडी जायची. नुसतं वाटतं म्हणून कुणाला तोंडावर चोर कसं म्हणणार? तिला पुरावा हवा होता. पडदे शिवून घ्यायला येणाऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं, "पोलिसांकडे आलेल्या फोनची नोंद असते. तुम्ही मुलगी आहात, मागू शकता. अर्ज करा."

धाकटा म्हणाला, "सोड ना ताई. बाबा परत येणारेत का?" ती ऐकेना, तेव्हा तो म्हणाला, "बरं, दे इकडे. मी जाता जाता देतो." आपल्याला कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागू नयेत म्हणून भाऊ धडपडतोय, या विचाराने तिने त्याला चहाबरोबर दोन लाडू जास्त दिले.

उत्तर आलं नाही. ती वाट बघत राहिली, पोलीस खात्याच्या नावाने बोटं मोडत राहिली. शेवटी एक दिवस मशीनवर कापड टाकून ती स्वतःच गेली.

ठाण्यात पुढच्या टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "इथे नाही. मागच्या इमारतीत, अभिलेख विभाग." मागच्या इमारतीत एक जिना, जिन्यावर पंखा बंद पडलेली खोली, आणि खोलीत स्वेटर घातलेली एक बाई. तिने संगणकात शोधलं, मग रजिस्टरात शोधलं.

"तुमच्या नावाचा अर्ज आलेलाच नाही."

"असं कसं? माझ्या भावाने आणून दिलाय."

"मग पोच असेल ना. पोच आणा."

पोच नव्हती. 'हरवला असणार यांनीच,' असं मनात म्हणत ताई तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहायला लागली. तिने लिहिलं, 'माझ्या वडिलांविरुद्ध खोटी खबर कोणी दिली ते कळवावे.' बाईने वाचून कागद परत दिला.

"असं नका लिहू. आम्ही प्रश्नांची उत्तरं देत नाही, असलेली नोंद देतो. तारीख लिहा, चौक लिहा, साधारण वेळ लिहा. फोनची नोंद पाहिजे, पोलिसांचा अहवाल पाहिजे, फोनचं रेकॉर्डिंग पाहिजे, असं वेगवेगळं लिहा. वडील वारल्याचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारं काहीतरी जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय जाऊ नका."

पंधरवड्याने नकार आला. खबर देणाऱ्याची ओळख उघड करता येत नाही. ताई मागे हटणाऱ्यांतली नव्हती. नकाराच्या खालीच लिहिलं होतं की अपील करता येतं, कुणाकडे करायचं तेही लिहिलं होतं. तिने अपील केलं, त्यात म्हटलं, 'नाव देऊ नका, नंबर देऊ नका. बाकीचं द्या.' वरच्या साहेबांनी ते मान्य केलं. ही गोष्ट तिने धाकट्याला मुद्दाम सांगितली नाही. त्या चष्मेवाल्याला उघडा पाडायचा आणि मगच भावाला बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं.

अभिलेख विभागाच्या त्याच खोलीत स्वेटरवाल्या बाईने तिला कानाला लावायला हेडफोन दिले. "नाव आणि नंबर कापलाय. तिथे नुसती खरखर येईल."

"आणि आवाज?"

"आवाज कसा कापणार? तोच तर मागितलाय तुम्ही."

आधी खरखर आली. मग एक पुरुष घाईघाईने, दबक्या आवाजात बोलायला लागला. "एक म्हातारा माणूस दारू पिऊन गाडी काढतोय. निळी गाडी. चौकाकडेच येतोय. लवकर पाठवा कुणाला तरी, एखाद्याचा जीव जाईल."

तो आवाज फुटायच्या आधीपासून ताईच्या ओळखीचा होता. त्याच आवाजाला तिने लहानपणी पाढे म्हणायला लावले होते.

"पुन्हा लावू?" बाईने विचारलं.

ताईने मान डोलावली. दुसऱ्यांदा तिला आवाजामागचं ऐकू आलं. खड् खड् खड्, थांब, पुन्हा खड् खड् खड्. तिचं मशीन. तो तिच्याच घरात, मागच्या खोलीत उभा राहून बोलत होता आणि ती पुढे बसून कुणाच्या तरी पडद्यांना झालर लावत होती. फोन ठेवून तो बाहेर आला असेल, आणि तिने त्याला विचारलंही असेल, चहा टाकू का रे.

"बरं नाही का वाटत?" बाई म्हणाली.

"नाही, बरी आहे," ताई म्हणाली, आणि सही करून जिना उतरली.

ती तडक फरशांच्या दुकानात गेली. धाकटा एका जोडप्याला न्हाणीघराच्या फरशा दाखवत होता. तिचा चेहरा बघून त्याने त्यांना दुसऱ्याच्या हवाली केलं आणि तिला मागच्या गोदामात नेलं.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग."

त्याने कुठलं म्हणून विचारलं नाही. फरशांच्या खोक्यावर बसला.

"माझ्या छकुलीला उडवलं असतं त्यांनी, ताई. आदल्या आठवड्यात. माझ्या दारात. डावीकडून ती सायकलवर आली, त्यांना दिसलीच नाही. मी तुला सांगितलं होतं, चावी काढून घे. तू म्हणालीस, बाबांचं मन मोडेल."

"मग डोळ्यांचं सांगायचं. दारू का?"

"म्हाताऱ्याला कमी दिसतं म्हटल्यावर कोण धावत येतंय? दारू म्हटलं की येतात."

"चौकात फुंकर मारायला लावली त्यांना."

"ते असं होईल हे मला काय माहीत?"

ताईला कळत होतं की छकुलीचं खरं आहे. ते खरं असल्यामुळेच तिला जास्त चीड येत होती. "आणि माझा अर्ज?"

तो बोटाने खोक्यावरची धूळ पुसायला लागला.

"आणि समोरच्यांना दारातून हाकललंस ते?"

"नाव तूच घेतलंस त्यांचं. मी नुसतं 'ते नव्हेत' असं म्हटलं नाही," तो म्हणाला.

ताईचा हात उचलला गेला होता. तिने तो खाली घेतला. वर्षभर ज्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली होती, तो खांदा फरशांच्या धुळीने पांढरा झाला होता. एरवी तिने सवयीने झटकला असता.

संध्याकाळी ती चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरी चढली. म्हातारा आतल्या टेबलावर एका काचेला पॉलिश करत होता. तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. तो काच पुसतच राहिला.

"मी त्यांना गाडी नको म्हणालो होतो," शेवटी तो म्हणाला. "पण तोंडावर म्हणालो."

"हो. माझ्या देखतच."

"मास्तरांना काय वाटत होतं? फोन कुणी केला असं?"

ती खोटं बोलू शकली असती. दिवसभरात तिने इतकं खोटं ऐकलं होतं की त्यात आणखी एकाची भर सहज खपली असती.

"तुम्ही केला असं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

त्याने काच खाली ठेवली. परकरात होती तेव्हापासून तो तिला अगं-तुगं करायचा. आता म्हणाला, "जा तुम्ही. आज जा." ती उठली. दारापर्यंत त्याने सोबत केली.

रविवारी धाकटा आला. दारातच तिने त्याला थांबवलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. समोर बोट दाखवलं.

"आधी तिकडे जा. मी केलं म्हणून सांग. मग इथे ये."

त्याने वळून बघितलं. "गिऱ्हाईकं बसलीत गं आत. चार लोकांसमोर काय सांगू?"

"चौकातही चार लोक होते."

तो रस्ता अर्धा ओलांडेपर्यंत गेला. तिथे उभा राहिला. एक रिकामा ट्रक आला, त्याने हॉर्न दिला, तसा तो बाजूला झाला, आणि जो बाजूला झाला तो आपल्या स्कूटरकडेच. तिने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकला, वळणावर तो कमी होत गेलेलाही ऐकला. मग दार लावून घेतलं.