बोल्टावरची हिरवी रेघ

मास्तरीणबाईंच्या हाताखालून शेकड्यांनी माणसं गाडी चालवायला शिकून गेली, आणि पहिल्या दिवशी ती सगळी वैतागली. किल्ली हातात देण्याआधी बाई त्यांना गाडीभोवती फेरी मारायला लावत आणि चारही बाजूंनी वाकून खाली बघायला लावत. तेल गळतंय का, मांजर बसलंय का, काही लोंबतंय का. त्या स्वतः मात्र वही धरून ताठ उभ्या असत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आपल्या गाडीच्या पोटाखाली बाईंनी अकरा वर्षांत डोकावून पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? सख्खा धाकटा भाऊ गॅरेजवाला होता.

गॅरेज वडिलांचं. वडील डावखुरे आणि भयंकर शिस्तीचे. कुठलाही महत्त्वाचा बोल्ट आवळला की ते हिरव्या रंगात बुडवलेला ब्रश घेऊन बोल्टापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढत. बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटते, आपोआप कळतं. पुढच्या वेळी जुनी रेघ थिनरने पुसायची आणि नवी ओढायची. डाव्या हातामुळे त्यांची रेघ उलटी कलायची आणि शेवटी तिला बारीकसा आकडा यायचा. ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल साठ हजार किलोमीटरला बदलायचंच, हाही त्यांचाच नियम. "आयुष्यभर चालतं म्हणणारे लोक गाडी किती आयुष्य जगणार ते सांगत नाहीत," असं ते म्हणायचे. बाईंच्या गाडीचं पहिलं तेल त्यांनीच बदललं. त्याच वर्षी ते गेले, त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्यानंतर तीनदा गाडी धाकट्याकडे गेली. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची. प्रत्येक वेळी बॉनेटच्या कडीला तारेने अडकवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड असे: तारीख, किलोमीटर, "गिअर ऑइल बदलले", खाली त्याची सही. गिअर ऑइलची पातळी बघायची जी डिपस्टिक, तिच्या टोपणाला त्याने चिकटपट्टी लावून ठेवली होती. ताई, हे उघडत जाऊ नकोस, धूळ जाते आत, असं त्याने बजावलं होतं आणि ताईने ते मुकाट्याने ऐकलं होतं. आईविना वाढलेल्या या पोराला तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. तो सांगेल ते तिला पटायचंच.

त्या आठवड्यात चढावर गाडीने झटका मारला. स्टेअरिंगवर एक शिकाऊ मुलगी होती, सोमवारी तिची परीक्षा. दुसरा गिअर पडायच्या जागी गाडी क्षणभर मोकळी झाली, मागे सरकली, मग धाडकन पुढे गेली. मागे दूधवाल्याची सायकल होती. बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मुलीला वाटलं चूक आपलीच, ती रडायला लागली. चूक तिची नव्हती, एवढं बाईंना कळत होतं.

त्यांनी भावाला फोन केला. तो म्हणाला, तेल तर आत्ताच बदललंय, त्याचा संबंध नाही, पुढच्या आठवड्यात आण. पण परीक्षा पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार नव्हती. कुठेतरी गळून तेल कमी झालं असेल, म्हणून बाईंनी गाडी कोपऱ्यावरच्या धुलाई केंद्रात रॅम्पवर चढवली आणि टॉर्च घेऊन त्या खाली शिरल्या. भावाबद्दल शंका तेव्हाही मनात नव्हती.

गळती कुठेच नव्हती. गिअरबॉक्सच्या तळाशी, तेल काढायच्या बोल्टावर, धुळीचा थर होता. बाईंनी फडक्याने तो पुसला. खाली हिरवी रेघ निघाली. उलटी कललेली, शेवटी बारीकसा आकडा. अखंड.

बाबांची रेघ होती ती. अकरा वर्षं त्या बोल्टाला कुणी पाना लावला नव्हता.

बाई तशाच वाकून राहिल्या. मग वर आल्या, डिपस्टिकची चिकटपट्टी फाडली. लालभडक असायला हवं ते तेल डांबरासारखं काळं झालं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. त्यांनी कडीला लटकलेली तिन्ही कार्डं सोडवली. तीन तारखा, तीन सह्या. परक्याने फसवलं असतं तर बाई तणतणल्या असत्या, चार लोकांना सांगितलं असतं. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला त्यांनीच हाताला धरून अक्षर गिरवायला शिकवलं होतं. ते वळणदार अक्षर बघून त्यांना भडभडून आलं.

त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की रॅम्पवर ये, येताना या गाडीचं तेल आण. तो तेल आणि अवजारांची पेटी घेऊन आला. कार्डं बघितली, गाडीखाली बघितलं. मग खालच्या मानेने म्हणाला, "ताई, बाबांच्या हातची शेवटची रेघ होती. मोडवेना माझ्याच्याने."

क्षणभर बाई विरघळल्या. खरं मानावं असं फार वाटलं. पण कार्डं हातातच होती.

"मग कार्डं कशाला लिहिलीस?"

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला.

"बाबांना मध्ये आणू नकोस. खरं सांग."

खरं फार साधं निघालं. पहिल्या वेळी गॅरेजमध्ये गर्दी होती. घरचीच गाडी, पुढच्या आठवड्यात करू म्हणून त्याने कार्ड तेवढं लावलं. पुढचा आठवडा आलाच नाही. दुसऱ्या वेळी भीती वाटली, इतकं जुनं तेल काढलं तर गिअर घसरायला लागतील आणि बिंग फुटेल. तिसऱ्या वेळी तर विचारायलाच नको.

"आणि मी बघितलं असतं तर?"

"तू बघणार नाहीस हे माहीत होतं मला," तो म्हणाला. "तू माझं काम कधी तपासलंस?"

आपल्या विश्वासाचा त्याने केलेला हा हिशेब बाईंना सगळ्यात जास्त लागला. त्यांनी बाह्या वर सारल्या.

गाडी गरम होतीच. त्यांनी पाना लावला. रेघ तुटली, पण हात थांबला नाही. काळं तेल बादलीत उतरलं, तळाशी चिकट गाळ. त्यांनी ते मापाने मोजलं, वायसर नवा घालून बोल्ट आवळला आणि जेवढं निघालं तेवढंच नवं तेल नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून ओतलं. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, दांडा एकेका गिअरवर थोडा थोडा थांबवत सगळीकडून फिरवला आणि पातळी तपासली. वडील करायचे अगदी तसंच. मशीनने सगळं धुऊन काढू का, असं भावाने विचारलं. बाई म्हणाल्या, इतक्या जुन्या गिअरबॉक्सला तो धक्का सोसणार नाही. बोल्टातून निम्मंच निघतं, अर्धं जुनं अजून आतच आहे, तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा काढायचं.

"तेव्हा मी करतो. नक्की." त्याने पेटीतला हिरवा ब्रश उचलला. "रेघ तरी ओढू दे."

बाईंनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला. "तुझ्या रेघेचा मला आता काय उपयोग?"

त्यांनी स्वतः रेघ ओढली. उजव्या हाताची, सरळ कललेली.

गाडी चढ चढली. झटका गेला नाही, पण मागे सरकणं थांबलं. वेग धरून, पाय हलका ठेवून परीक्षेपुरती चालेल इतपत.

सोमवारी मुलगी लवकर आली. तिने गाडीभोवती फेरी मारली, चारही बाजूंनी वाकली आणि सगळं ठीक म्हणाली. मग हसत म्हणाली, "बाई, तुमचं बरंय, भावाचंच गॅरेज. तुम्हाला कसली काळजी."

बाईंनी वही बॉनेटवर ठेवली, टॉर्च घेतला आणि विद्यार्थ्यासमोर पहिल्यांदाच रस्त्यावर गुडघे टेकले. बाजूने उजेड मारला की बोल्ट दिसत होता. रेघ जागेवर होती, अखंड. त्यांनी स्वतःच ओढलेली, तरी ती दोनदा बघितली.